जीपचं ऑइल बदललं त्यानंतर

आमच्या जीपच्या इंजिनातलं एक टॅपेट, म्हणजे झडप उचलणारा दांडा, सैल होतं. तीन ठोके सरळ पडायचे आणि चौथा जरा उशिरा, पाय ओढत आल्यासारखा. टक टक टक… टक. गाडी निपाणीच्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी आली की हा आवाज आधी घरात यायचा आणि गाडी मागून. दुपारी एकच्या सुमाराला तो ऐकू आला की आई तव्यावरची शेवटची भाकरी उलटायची आणि ताट घ्यायची. आप्पा दारात पाय धुऊन आत येईपर्यंत वाढून झालेलं असायचं.

आप्पा म्हणजे माझे वडील. तरुणपणी ते तंबाखूच्या वखारीत पोती उचलायचे. मालकाचा ड्रायव्हर आजारी पडला म्हणून चार दिवस त्यांना गाडीवर बसवलं, ते पुन्हा पोत्याखाली गेले नाहीत. पुढं मालकानं नवी गाडी घेतली आणि जुनी पेट्रोल जीप आप्पांनी घेतली. तिच्यावर त्यांनी निपाणी ते बोरगाव वडाप सुरू केलं. रस्त्यावरची माणसं भरायची, वाटेतल्या गावांना सोडायची. माझ्या आजोबांना गावात कुणी बैलगाडीत बसू देत नव्हतं. आता सगळ्या जातीची माणसं आप्पांच्या पाठीमागं गुडघ्याला गुडघा लावून बसायची. आप्पा हे कधी बोलून दाखवायचे नाहीत. जीप मात्र रोज सकाळी स्वतः पुसायचे, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत.

मी त्यांची एकुलती मुलगी. धारवाडला शिकले आणि निपाणीच्याच एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला लागले. रविवारी बोरगावच्या रस्त्यावर आप्पा मला गाडी शिकवायचे. साडीचा पदर खोचून मी स्टेअरिंगवर बसले की शेतातली माणसं खुरपं थांबवून बघायची. आप्पा म्हणायचे, "त्येंच्याकडं बघू नगंस. गाडीचं ऐक. ती सांगती कवा गेर बदलायचा ते."

ते गेले त्या रस्त्यावरच. सत्तरचं दशक संपत आलं होतं. सकाळी अकराच्या सुमाराला बोरगावकडं जाताना एका मोरीजवळ त्यांनी गाडी कडेला घेतली, ब्रेक ओढला, गेर सोडवला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले. मागं सात-आठ बायाबापड्या होत्या. त्यांना वाटलं, कुणाची तरी वाट बघतायत. बराच वेळ झाल्यावर एक म्हातारी म्हणाली, "अण्णा, चला की." मग कुणीतरी पुढं येऊन बघितलं.

हृदय बंद पडलं होतं आणि इंजिन चालू होतं. जीपची चावी कधीच तुटलेली होती. एका तारेनं ती चालू-बंद करायची युक्ती होती, ती आप्पांनाच ठाऊक. त्यामुळं कुणालाच ती बंद करता येईना. आप्पांना खाली उतरवून कडुनिंबाखाली निजवलं तरी शेजारी जीप आपली टक टक टक… टक करत उभीच. जवळजवळ तासाभरानं एक लॉरीवाला थांबला, त्यानं बॉनेट उघडून वायर उपसली, तेव्हा ती थांबली.

चार महिने जीप अंगणात उभी राहिली. मग मी मिस्त्रीला बोलावून नवी चावी बसवून घेतली आणि कॉलेजला तिच्यातून जायला लागले. आईला ते आवडलं. तिच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू उतरत होता. माणसं तिला धुरकट दिसायची, त्यामुळं ती आवाजावर जगायची. जीप आली की तिचा चेहरा मोकळा व्हायचा.

त्या दिवसांतली एक गोष्ट मी तेव्हा मनावर घेतली नव्हती. माझे तास कधी पाऊणला संपायचे आणि मी एकला घरी पोचायची, कधी दोनला. दोनला सुटून घरी आले की पुष्कळदा ताट आधीच वाढलेलं असायचं, भाकरी गार झालेली. आई विचारायची, "मघाशी आलतीस न्हवं? परत कुठं गेलतीस?" मी म्हणायची, "आई, मी आत्ताच आले." ती गार भाकरी परत तव्यावर टाकायची. दिसत नाही, वय झालंय, आप्पांच्या वेळेची सवय आहे, असं मी धरून चालले.

असं तीन-चार वर्षं चाललं. मग माझा मामेभाऊ आखातातून रजेवर आला. तो तिकडं एका मोठ्या गॅरेजात कामाला होता. सगळ्यांसाठी साबण, कापडं, टॉर्च घेऊन आला आणि आमच्यासाठी ब्लँकेटमध्ये गुंडाळून ऑइलचे डबे. आईच्या पाया पडून म्हणाला, "आत्ती, हे तुमच्या गाडीला. लई भारी ऑइल हाय. जमिनीतनं काढल्यालं न्हवं, कारखान्यात तयार केल्यालं. सिंथेटिक."

आई म्हणाली, "गाडीला हाय ते बरं हाय की रं."

"आत्ती, हे घातलं की इंजिन धा वर्षं जास्त चालतंय."

मी एक डबा फोडून थोडं तळहातावर घेतलं. मधासारखा रंग, वास जवळजवळ नाही, आणि तळहात जरा कलला की पाण्यासारखं पळायचं. मला त्याचं फार अप्रूप वाटलं. साध्या तेलात लहानमोठे सगळे रेणू एकत्र आलेले असतात, हे मात्र माणसानं ठरवून एका मापाचं केलेलं. दुसऱ्या दिवशी बाटलीत घालून मी ते वर्गात नेलं आणि मुलांना दाखवलं. त्याच शनिवारी जीप मिस्त्रीकडं नेली.

मिस्त्रीचं गॅरेज पी. बी. रोडला, पुणे-बंगळूर हमरस्त्यावर होतं. आप्पांच्या वयाचा, त्यांचा मित्र. मराठी बोलायचा, पण नकार द्यायचा तर कानडीतच. डबा हातात घेऊन, उलटा-सुलटा करून त्यानं माझ्याकडं परत दिला. "बेड, पोरी."

"का?"

"नव्या गाडीला घाल, माझं काय म्हननं न्हाय. ह्या इंजिनानं अठरा-वीस वर्षं जाडं काळं ऑइल प्यालंय. आत घाण बसलीया. त्या घाणीनंच भेगा बुजल्यात. तुझं हे ऑइल समदं धुऊन काढंल. मग कुठनं गळंल, काय अडकंल, मला सांगता येत न्हाय."

"काका, घाण निघाली तर चांगलंच की."

"निघून जाती कुठं? आतच फिरती."

तो बरोबर सांगत होता आणि मला ते कळत होतं. पण शिकलेल्या माणसाला एक मस्ती असते. मी हट्ट धरला. त्यानं खालचा बोल्ट काढला. जुनं ऑइल डांबरासारखं सावकाश घमेल्यात उतरलं. ते पूर्ण निथळायला इतका वेळ लागला की आमचा चहा पिऊन झाला. मग नवीन ओतलं.

मी चावी फिरवली. स्टार्टर फिरला, आणि नंतर काही नाही. मला वाटलं गाडी पेटलीच नाही. पुन्हा चावीला हात घातला तशी मिस्त्री ओरडला, "हात काढ! चालू हाय!"

त्यानं लांब स्क्रू-ड्रायव्हर घेतला, टोक इंजिनावर ठेवलं, मूठ कानाला लावली. डोळे मिटून बराच वेळ ऐकलं. मग उठला. "ऑइलनं आवाज कमी हुतो. मला ठावं हाय. पर जात न्हाय. टॅपेटला म्या हात बी लावल्याला न्हाय." त्यानं हात पुसले आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "ने आता."

घरी आले तेव्हा आई अंगणात कोथिंबीर निवडत बसली होती. जीप तिच्यापासून पाच-सहा पावलांवर येऊन थांबली. तिनं मान वर केली नाही. मी दार लोटलं तेव्हा ती दचकली. "कोन हाय?"

"मी, आई."

"चालत आलीस? गाडी कुठं हाय?"

"ही काय, दारात."

ती उठली, हात पुढं करत आली, बॉनेटवर तळहात ठेवला. ते गरम होतं. तिनं हात काढून पदराला पुसला. म्हणाली, "ही आमची न्हवं."

मला हसू आलं. मी तिला तेलाचं सगळं समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

त्यानंतर मी रोज ऑइल तपासायची पट्टी काढून बघायची. चौथ्या दिवशी मधाचा रंग तपकिरी झाला, दहाव्या दिवशी काळा. अंगणात जीपखाली थेंब पडायला लागले. मिस्त्री म्हणाला होता तसंच सगळं होत होतं. "आन, खोलू या," तो म्हणाला. पण कॉलेजात परीक्षा होत्या. मी पुढं ढकललं.

शेजारी एक मावशी राहायची. दिवसभर उंबऱ्यात सूप घेऊन विड्या वळायची. गल्लीत कोण आलं, कोण गेलं, सगळं तिच्यासमोरून. एका संध्याकाळी ती पाणी मागायच्या निमित्तानं आली आणि तांब्या हातात धरून तशीच उभी राहिली.

"पोरी, तुझी गाडी आता आवाज करत न्हाय म्हनं."

"न्हाय करत, मावशी. ऑइल बदललंय."

"व्हय, मलाबी कळंना झालंय तू कवा येतीस ती. काल तू आलीस तवा माझ्या कोंबड्यासुदीक हालल्या न्हाईत." तिनं तांब्या दुसऱ्या हातात घेतला. "मग दुपारी एकला कोन येतंय?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"आवाज येतोय की. तोच, लंगडा. कोपऱ्यापातूर येतोय, अंगणापातूर येतोय, मग बंद. इतकी वर्षं मला वाटायचं तूच हाईस, त्याच्या आदी वाटायचं कोन तरी उभी गाडी फिरवून आनतंय. म्हनून कवा मान वर करून बघितलंच न्हाय."

आई चुलीपाशी होती. तिचा फुंकणीचा हात थांबलेला मला दिसला.

मावशी गेल्यावर मी आईला विचारलं. ती म्हणाली, "इस्तू धरंना झालाय. जरा रॉकेल दे."

मी घाबरले होते, हे कबूल करते. पण मी शास्त्र शिकवणारी बाई. पहिला विचार केला तो, आणखी कुठून आवाज येतो का याचा. वखारीतली तंबाखू चाळायची यांत्रिक चाळणी, विहिरीवरचा पंप, पलीकडच्या आळीतली पिठाची गिरणी. दोन दिवस मी या सगळ्यांच्या वेळा विचारत हिंडले. गिरणी दुपारी बंद असायची. पंप वीज असेल तेव्हा चालायचा आणि त्या आठवड्यात दिवसा वीज नव्हतीच. चाळणीचा आवाज निराळा.

एरवी रविवारी दुपारी मी जीप घेऊन शिकवण्यांना जायची, या रविवारी घरीच थांबले. जीप अंगणात, माझ्या डोळ्यांसमोर, सकाळपासून हललेली नव्हती. चावी माझ्या हातात. मी उंबऱ्याच्या आत पाटावर बसले आणि पेपर तपासायला घेतले. आई भाकऱ्या करत होती. ऊन रणरणत होतं. गल्लीत चिटपाखरू नव्हतं.

मी ऐकलं.

आधी लांब, गल्लीच्या तोंडाशी. टक टक टक… टक. मग जवळ. जिथं खड्डा होता आणि आप्पा गेर बदलायचे, तिथं तो जरा बसला आणि पुन्हा उचलला. आईनं भाकरी उलटली. भांड्यांतून ताट काढल्याचा आवाज झाला. मी पेपर खाली ठेवून बाहेर आले तोपर्यंत तो अंगणाच्या कडेला आला होता आणि तिथं थांबला. एकदम नाही. इंजिन बंद करताना शेवटचे दोन ठोके पडतात तसे ते पडले, आणि मग काही नाही.

अंगणात आमची जीप जिथं होती तिथंच होती. मी बॉनेटवर हात ठेवला. चटका बसला. पण त्या उन्हात ते तापलेलंच असणार, त्यामुळं त्यावरून काही ठरवता येत नव्हतं.

पलीकडच्या उंबऱ्यात मावशी विड्यांचं सूप मांडीवरून उतरवून उभी राहिली होती. ती माझ्याकडं बघत नव्हती. माझ्या आणि तिच्या मधल्या मोकळ्या जागेकडं बघत होती. तिनं डोक्यावर पदर घेतला. आप्पा समोरून जाताना ती नेहमी घ्यायची तसा. मग कुणीतरी ओलांडून जाईपर्यंत थांबावं तशी थांबली आणि खाली बसली.

आत ताट वाढलेलं होतं. मी आईला विचारलं, "हे कुणाला?"

"तुला," ती म्हणाली. "जेव."

मी जेवले.

त्यानंतर पंधरा दिवसांनी बोरगावला मावसबहिणीच्या बाळाचं बारसं निघालं. आप्पा गेल्यापासून आई त्या रस्त्यानं गेली नव्हती. कुणाकडं जायचं झालं तर आजारी पडायची. या वेळी मात्र आपणहून म्हणाली, "मी येनार. जीपनंच जाऊ या."

सकाळी दहाला निघालो. जीप वाऱ्यासारखी बिनआवाजाची चालली होती. रस्त्यावरची माणसं दचकून बाजूला व्हायची, कारण मागून काही येतंय हे त्यांना कळायचंच नाही. आई माझ्या शेजारी बसली होती, हातात बाळाचं झबलं.

मोरी दिसायला लागली तशी मी वेग वाढवला. तेवढ्यात ऑइलचा दाब दाखवणाऱ्या काट्याकडं माझं लक्ष गेलं. तो हलत होता. मग खाली यायला लागला, आणि बघता बघता शून्यावर येऊन पडला. मी पाय उचलला. गाडी आपल्या वेगानं पुढं घरंगळत गेली, मी कडेला घेतली, गेर सोडवला, ब्रेक ओढला. आणि त्या क्षणी इंजिनातून आवाज आला.

टक टक टक… टक.

आधी हळू, मग स्पष्ट, मग नेहमीपेक्षाही मोठा. मी बाहेर बघितलं. कडुनिंब. आम्ही मोरीच्या अगदी अलीकडं उभे होतो.

मला काय झालंय ते कळलं होतं. ऑइल वर पोचत नव्हतं. लोखंडावर लोखंड वाजत होतं. आणखी थोडा वेळ असंच चालू राहिलं तर इंजिन जाम होणार होतं. मी चावीला हात घातला.

आईनं माझं मनगट धरलं. तिचा हात इतका घट्ट कधी लागलेला मला आठवत नाही. "बंद करू नगंस."

"आई, इंजिन जाईल!"

"जाऊ दे. जरा ऐकू दे."

तिचा चेहरा माझ्याकडं नव्हता. रस्त्याकडं होता, आणि तिच्या ओठांवर हसू होतं. मी तसं ते बऱ्याच वर्षांत बघितलं नव्हतं. मी थांबले. किती वेळ ते सांगता येणार नाही. थांबायला नको होतं, हे मला ठाऊक होतं, आणि तरी थांबले. मग जळका वास यायला लागला. मी तिचा हात सोडवला आणि चावी फिरवली.

इंजिन बंद झालं नाही. चावी बंद आणि ते चालू. टक टक टक… टक. टक… टक. मग एक मोठा हिसका बसला आणि सगळं शांत झालं. इंजिन फार तापलं की चावी बंद केल्यावरही पेट्रोल आपोआप पेटत राहतं, हे मी नंतर मिस्त्रीकडून ऐकलं, पुस्तकातही वाचलं. पण त्या जागी, त्या वेळी, मी चावी उपसून मुठीत धरली.

आम्ही खाली उतरून कडुनिंबाखाली बसलो. लांबवर कुणी दिसत नव्हतं. आई झबल्याची घडी घालत होती, मोडत होती, पुन्हा घालत होती. मग तिनं सांगितलं.

"तुझा आप्पा गेला त्या दिवशी एकला गाडी आलती."

मी म्हटलं, "आई, ते अकरालाच…"

"मला ठावं हाय. मला मागनं कळलं. त्या दिवशी मला काय म्हाईत? गाडी आली, दारात थांबली, बंद झाली. म्या ताट वाढलं. हाक मारली. कोन येईना म्हनून भाईर आले, तर अंगन मोकळं. मग घटकाभरानं मानसं आली सांगाया."

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? दुसऱ्या दिवशीबी आली. तिसऱ्या दिवशीबी. घरात रडारड, कुनाच्या ध्यानात आलं न्हाय. तू गाडी चालवाया लागलीस तवा मला बरं वाटलं. म्हटलं, आता आवाज आला तर आपली पोरगी आलीया, असं म्हनाया येतंय. कुनाला काय सांगाया नको, आपल्या मनालाबी नको. दोन्ही एकातएक मिसळून गेलतं." तिनं झबलं मांडीवर ठेवलं. "तू ऑइल बदललंस अन् तुझा आवाज गेला. त्याचा तेवढा ऱ्हायला, उघडा."

मी तिच्याजवळ सरकून बसले. आम्ही दोघी एकमेकींना धरून कितीतरी वेळ तिथं होतो. मी रडले. ती रडली नाही. इतकी वर्षं ते ओझं तिनं एकटीनं वाहिलं होतं, आणि मी तिला वय झालंय म्हणत होते.

उसाचा ट्रॅक्टर आला, त्यानं जीप ओढून निपाणीला नेली. बारसं राहिलं.

मिस्त्रीनं इंजिनाखालचं ऑइलचं भांडं उतरवलं आणि मला बोलावून घेतलं. आत दोन बोटं जाड काळा गाळ होता, वरून मऊ पडलेला. ज्या जाळीतून ऑइल वर जातं ती त्याच गाळानं लिंपून गेली होती. "बघ," तो म्हणाला, "समदं सुटलं अन् हितं येऊन बसलं." तो मला बोलला नाही, रागावला नाही, त्यामुळं मला जास्त लागलं. त्यानं सगळं घासून धुतलं, दोन बेअरिंगं बदलली, टॅपेट पान्यानं नीट बसवलं.

"आता कंचं घालू?"

"जुनं, साधं."

"ते हुतं ते न्हाय यायचं परत," तो म्हणाला. "आवाज म्हनतोय मी."

"नको येऊ दे," मी म्हटलं.

जीप घरी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी रजा काढली. आईनं स्वयंपाक लवकर उरकला. एक वाजायच्या आधीच ती अंगणात गेली. मावशी तिच्या उंबऱ्यात होती. तिनं हातातलं पान खाली ठेवलं. मी दाराच्या आत उभी होते. आईनं डोक्यावर पदर घेतला आणि अंगणाच्या कडेला, जिथं आप्पा गाडी लावायचे तिथं तोंड करून, रोजच्या आवाजात बोलली.

"अवं, आयकलं का? पोरगी गाडी चालवती. तुमी शिकवल्यावानी नीट चालवती. वडाप बंद झालं. आता कुनाला पोचवायचं ऱ्हायलं न्हाय. तुमी लई दमलासा. बसा आता."

ती थोडा वेळ उभी राहिली. झाडाचं पान हललं नाही. मग ती आत आली, ताट घेतलं, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा तिला एक वाजता, सगळ्यांच्या आधी जेवायला बसलेलं बघितलं. आधी आप्पा, मग मी, मग ती, असा क्रम होता. तिनं भाकरी मोडली आणि मला म्हणाली, "तूबी बस."

त्यानंतर तो आवाज आला नाही असं लिहायला मला आवडलं असतं. मला ठाऊक नाही. दुपारी एकला घरी राहायचं मी टाळलं. आईनं त्यावर काही सांगितलं नाही आणि मावशीला मी विचारलं नाही. मावशी मात्र त्यानंतर विड्या वळायला मागच्या पडवीत बसायला लागली.

पुढच्या वर्षी मला बेळगावच्या कॉलेजात नोकरी मिळाली. जीप बेळगुंदीच्या एका शेतकऱ्याला दिली. त्याला बटाटे बाजारात न्यायला गाडी हवी होती. तो घ्यायला आला तेव्हा त्याला रिव्हर्स गेर पडेना. मीच अंगणातून गाडी वळवून रस्त्याला लावून दिली आणि उतरले. आई आत सामान बांधत होती, बाहेर आली नाही.

बेळगावात खासबागेत घर भाड्यानं घेतलं. दोन खोल्या, आणि दोन्ही बाजूंना विणकरांची घरं. पहिल्याच दिवशी मी हवालदिल झाले. सकाळी सातला माग सुरू व्हायचे ते रात्रीपर्यंत. खटखट, खटखट, भिंती हलायच्या, कपातला चहा हलायचा. शेजारच्या खोलीत बोललेलं ऐकू यायचं नाही. मी आईला म्हटलं, "आठ दिवसांत दुसरं घर बघते. इथं कोण आलं, कोण गेलं, काही कळायचं नाही."

आई खिडकीशी बसली होती. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, हिरवी पट्टी अजून होती. तिनं मान हलवली.

"नगं," ती म्हणाली. "हे चांगलं हाय."

आम्ही त्या घरात अकरा वर्षं राहिलो.